भोपळा

सुगीच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत लिलाव होतो.
वेदीपुढे ठेवलेलं सगळं अंगणात येतं:
नवा तांदूळ, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेला कोंबडा,
आणि कुणाच्याही कुंपणावर लटकेल असा
एक साधा दुधी भोपळा.

दाऊदकाका वळवी खुर्चीवर चढून म्हणाले, वीस.
एस्तेरबाईने हात वर केला.
मला भोपळा नको होता.
घरच्या वेलाला चार लटकलेत.
पण तिचा हात गेला तसा माझाही गेला,
एकाच दोरीने बांधल्यागत.

साठ. नव्वद. दीडशे.
देवाच्या कामाला पैसा येतोय म्हणून लोक खूश.
दोनशेला पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.
मला तिचा हात दिसतच नव्हता.
दिसत होता तिच्या इम्मानुएलचा रेल्वेचा कागद,
जो तिने पावसाळ्यात तीन रविवार
पिशवीत घालून आणला, साक्ष द्यायला.
आणि माझा योनातन,
भरतीत तिसऱ्यांदा नापास,
मागच्या बाकावर बसून बुटाची नाडी
सोडत होता, बांधत होता, सोडत होता.

तीनशे चाळीस, एक वार. दोन वार.
जिंकले मी.
जिंकलेला भोपळा किती जड असतो
ते रंगावलीच्या पुलापर्यंत येता येता कळलं.

राग धरलाच तर सूर्य मावळायच्या आत सोडावा,
हे रविवारच्या शाळेत पाठ केलेलं.
हेव्याला अशी मुदत दिलेली नाही.
मी शोधून पाहिलंय.
आणि नोव्हेंबरातला सूर्य,
गुजरातच्या अंगाला कलला की
बस सुटल्यासारखा पळतो.

पुलावरच उभी राहिले. म्हटलं, बापा,
तिचं वाईट व्हावंसं वाटतं मला.
फार नाही.
सून जराशी उर्मट मिळाली तरी पुरे.
वरून काही आवाज आला नाही.
लांब रुळावरून सुरतेची मालगाडी निघाली.
डबे मोजले. अठ्ठावन्न.
मोजून झाल्यावर ध्यानात आलं,
अठ्ठावन्न डबे होईपर्यंत
मी कुणाचं काही वाईट चिंतलं नव्हतं.
एवढंच उत्तर असेल
तर चालेल, म्हटलं.

घरी येऊन भोपळा उभा चिरला,
अर्धा ताटात घेतला, वर फडकं टाकलं.
वाटेत 'चुकलं माझं' दोनदा घोळवलं,
दोन्हीदा ते 'तूही काही कमी नाहीस'वर जाऊन संपलं.

दार इम्मानुएलने उघडलं. रजेवर आलेला.
आई तेल आणायला गेलीय, मावशी.
ताट घ्यायला त्याने हात पुढे केले
आणि हात पाहिले मी:
तळव्यांवर फोड, काही फुटलेले,
एका नखाखाली काळं रक्त गोठलेलं.
रुळांवर घण मारायचं काम आहे, म्हणाला, भुसावळला.
मे महिन्यात रूळ हातात धरवत नाही म्हणतात.
तुम्ही आईला सांगू नका.
तिला वाटतं मी कचेरीत बसतो.
गाडी शिकताना पडलो म्हणून सांगितलंय.

रिकामं ताट परत देऊ नये म्हणून
त्याने ओंजळभर शेंगा घातल्या.

आता माझ्याकडे तिचं हे होतं.
लिलावात मांडलं असतं
तर तीनशे चाळीसला कुणी सोडलं नसतं.
पुलावर पुन्हा थांबले.
सूर्य गेला होता. गाडीही नव्हती मोजायला.
म्हटलं, बापा, हे माझ्या जिभेखालीच राहू दे,
मिठाच्या खड्यासारखं.
विरघळलं तर विरघळू दे.
थुंकायला लावू नको.

रात्री योनातनने न सांगता शेंगा सोलल्या.
सोलता सोलता निम्म्या खाल्ल्या.
मी त्याच्या बोटांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असेन,
काय झालं, म्हणाला.
काही नाही.

ह्यांनी पहिला घास घेतला, थांबले.
जून आहे भोपळा.
महाग आहे, मी म्हटलं. खा.